तुम्ही विचारलंत म्हणून: टक्के काढायची सोपी रीत कोणती?

तासगावात बेदाण्याच्या अडत पेढीवर हिशेब लिहिण्यात माझी हयात गेली. त्यामुळे ओळखीपाळखीची माणसं मला दोन गोष्टी हमखास विचारतात. पहिली म्हणजे यंदा दर काय राहील. त्यावर मी नुसता हसतो. दुसरी म्हणजे, ‘टक्क्यांचं गणित तुम्ही कागद न घेता करता कसं? एकच काय ती सोपी रीत सांगा.’ विचारणाऱ्यांत पोलीस भरतीची तयारी करणारा पुतण्या असतो, शेजारची दहावीतली मुलगी असते आणि हातात मालाच्या हिशेबाची पट्टी धरून उभे असलेले बागायतदारही असतात.

तर ऐका. एकच रीत मी वापरत नाही. आकडे बघायचे आणि त्यांना सोयीची पडेल ती रीत उचलायची. मात्र रीत उचलायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा असतो: टक्के कशाचे? बहुतेकांचं घोडं गुणाकार-भागाकारात अडतच नाही, ते इथं अडतं.

आधी सोपं उरकून घेऊ. ८४० रुपयांच्या शर्टावर १५ टक्के सूट आहे. दहा टक्के म्हणजे ८४, त्याचं निम्मं ४२, झाले १२६. बारा टक्के हवे असतील तर दहाचे आणि दोनाचे वेगळे काढून मिळवा. अडीच हवे असतील तर दहाचा पाव घ्या. दहावीचा निकाल तर याहून सोपा. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मुळे गुण ५०० पैकी धरतात, तेव्हा दुप्पट करून दहानं भागायचं: ४३७ चे ८७४, म्हणजे ८७.४ टक्के. आणि आकडे अडनिडे वाटले तर त्यांची अदलाबदल करून बघा. ७५ चे ४ टक्के काढायला जड जात असतील तर ४ चे ७५ टक्के काढा. चाराचे पाऊण, तीन. दोन्हीकडे गुणाकार तोच आणि भागायचं शंभरानंच, त्यामुळे उत्तर बदलत नाही.

आमच्या आधीची पिढी टक्के म्हणायचीसुद्धा नाही. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. पंचवीस टक्के म्हणजे पाव, पंचाहत्तर म्हणजे पाऊण, आणि पंचवीस टक्के चढवून सांगा म्हटलं की सवायकी. सवायकी येणाऱ्याला ६४ रुपयांच्या मालावर २५ टक्के नफा चढवायला सांगा, तो ‘ऐंशी’ म्हणून मोकळा होणार. आता गंमत बघा. ६४ चे ८० झाले, नफा १६ रुपये. हेच १६ रुपये ८० चे किती टक्के? वीस. चढताना पंचवीस, उतरताना वीस. पेठेत यावरून रंगलेले वाद मी ऐकलेत. एक म्हणतो, ‘तू पंचवीस टक्के मारलेस,’ दुसरा शपथेवर सांगतो, ‘वीसच.’ एक खरेदीवर मोजतो, दुसरा विक्रीवर. दोघंही खरं बोलतात आणि दोघंही सोयीचं बोलतात.

जीएसटीतही नेमकं हेच होतं. बिल ११८० रुपयांचं, कर १८ टक्के धरलेला. मूळ किंमत किती? लोक कॅल्क्युलेटरवर ११८० वजा १८ टक्के दाबतात आणि ९६७ रुपये ६० पैसे वाचून दाखवतात. यंत्राचा दोष नाही, त्याला जे विचारलं ते त्यानं सांगितलं. पण कर ११८० वर लागलेलाच नव्हता, तो मूळ किमतीवर लागला होता. इथं मी ‘शंभर धरा’ ही रीत वापरतो. मूळ शंभर धरलं तर बिल ११८. बिल ११८ असताना मूळ १००, मग बिल ११८० असताना? हजार.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा एसीवरचा कर २८ वरून १८ वर आला. ‘म्हणजे एसी दहा टक्क्यांनी स्वस्त व्हायला हवा, दुकानदार कमी का सोडतोय?’ असं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं. शंभरच धरा. आधी १२८ ला मिळायचा, आता ११८ ला. दहा रुपये कमी झाले, पण ते १२८ मधून. म्हणजे साधारण ७.८ टक्के. मूळ किंमत २५,००० असेल तर ३२,००० चे २९,५०० झाले. दुकानदारानं एवढे सोडले तर त्यानं पै न पै सोडली. तुपाचा कर १२ वरून ५ वर आला, तिथं ११२ चे १०५. सात भागिले एकशे बारा म्हणजे सोळावा भाग, रुपयामागे बरोबर एक आणा. असा हिशेब जुळून आला की मला उगाच बरं वाटतं.

‘अमुक असताना तमुक, तर एवढं असताना किती’ या चालीला त्रैराशिक म्हणतात हे शाळेत ऐकलं असेल. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या ‘लीलावती’त त्याची उदाहरणं आहेत. अडीच पल केशर ३/७ निष्काला मिळतं, तर ९ निष्कांचं किती? (पल हे जुनं वजन, निष्क हे जुनं नाणं.) दिलेल्या तीन राशींना नावं आहेत: ३/७ निष्क हे प्रमाण, अडीच पल हे फल, ९ निष्क ही इच्छा. फलाला इच्छेनं गुणायचं, प्रमाणानं भागायचं. उत्तर साडेबावन्न पल. टक्क्यांच्या गणितात यातली एक राशी कायमची शंभर असते, बाकी फरक काही नाही.

त्याच ग्रंथात व्याजाचंही गणित आहे: शंभरावर महिन्याला पाच व्याज, तर सोळावर वर्षाचं किती? शंभराला महिन्याला पाच, तर सोळाला महिन्याला ०.८, आणि बारा महिन्यांचे ९.६. मला यात महत्त्वाचा वाटतो तो ‘महिन्याला’ हा शब्द. कारण खाजगीत पैसे उचलताना आजही ‘शेकडा तीन’ म्हणतात तेव्हा ते तीन महिन्याचे असतात. शाळेच्या पुस्तकातलं द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा, वर्षाचं. बँक नऊ टक्के म्हणते, सावकार तीन म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला तीन लहान वाटतात. ५०,००० रुपयांवर बँकेचे वर्षाला ४,५०० होतात, सावकाराचे १८,०००. टक्के कशाचे, याच्या जोडीला टक्के किती दिवसांचे, हेही विचारत जा.

आता आमच्या घरचं गणित. हे मला सगळ्यात आवडतं, आणि पाहुणा द्राक्षबागायतदार नसला तरी मी ते त्याला घालतो.

शंभर किलो द्राक्षं घेतली. त्यात ८० टक्के पाणी आहे असं धरू. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवली, रॅकवर जाळीवर पसरली, सुकवली. तयार बेदाण्यात १५ टक्के ओलावा राहिला. बेदाणा किती भरेल? नवा माणूस पटकन म्हणतो, ‘ऐंशीतले पंधरा राहिले, म्हणजे पासष्ट टक्के उडाले. पस्तीस किलो.’ प्रत्यक्षात काट्यावर भरतो साडेतेवीस किलो. अकरा-साडेअकरा किलोचा फरक! मग संशयानं नजर जाते सुकवणाऱ्या शेडवाल्याकडे.

शेडवाल्यानं काही केलेलं नाही. ८० टक्के हे द्राक्षाचे होते आणि १५ टक्के बेदाण्याचे. शंभर दोन्हीकडे वेगळे, त्यामुळे एकातून दुसरं वजा करता येतच नाही. अशा वेळी न बदलणारं जे असेल ते पकडायचं. पाणी उडालं, पण साखर आणि गर कुठं जाणार? सुका अंश पहिल्या दिवशी २० किलो होता, शेवटच्या दिवशीही २० च. बेदाण्यात मात्र तो आता ८५ टक्के झालाय. ८५ किलो सुका अंश असता तर बेदाणा १०० किलो, मग २० ला किती? २० गुणिले १००, भागिले ८५. साडेतेवीसच्या थोडं वर. ताळा करून बघा: २३.५३ किलोत पाणी ३.५३ किलो, म्हणजे बरोबर १५ टक्के. ‘चाराला एक’ असं जे ठोकताळ्यानं बोलतात, ते इथून जवळच आहे.

पुतण्या हेच ०.८५ क्ष = २० असं मांडतो आणि आपली रीत वेगळी म्हणून फुशारतो. तीच आहे. तो क्ष म्हणतो, मी शंभर म्हणतो.

पुढचा भाग मात्र त्यालाही सुचला नव्हता. तीच बाग थोडी थांबून, गोडी भरल्यावर उतरवली आणि पाणी ८० ऐवजी ७६ टक्के निघालं, तर? फरक चारचा दिसतो. पण सुका अंश २० चा २४ झाला. बेदाणा २८ किलोच्या वर जातो, म्हणजे वजनात वीस टक्के वाढ. उतारा, म्हणजे द्राक्षामागे बेदाणा किती भरतो ते, पाहणारे बागायतदार पावसाची धास्ती असतानाही चार दिवस कळ का काढतात, ते या हिशेबावरून कळतं. पाण्याकडे बघितलं तर हे दिसतच नाही.

राहिलं एक, ते चटकन सांगतो. ‘२० टक्के सूट, वर आणखी १० टक्के’ अशी पाटी दिसली की तीस मोजू नका. हजाराचे आठशे, आठशेचे सातशे वीस. सूट २८ टक्के. इथं गुणक सगळ्यात बरा: ०.८ ला ०.९ नं गुणा, ०.७२ उरतात. आधी दहा मग वीस केलं तरी तेवढेच. दराचंही तसंच. किलोला १५० चा बेदाणा २० टक्के चढला तर १८० होतो, आणि मग २० टक्के उतरला तर १५० वर न थांबता १४४ वर येतो.

शेजारच्या मुलीला मी एवढंच सांगितलंय की बोर्डाच्या पेपरात बाईंनी शिकवलेली रीत पायरीपायरीनं लिही, पायऱ्यांना गुण असतात. माझी तोंडी रीत उत्तर ताडून पाहायला ठेव. पुतण्याचं उलटं. त्याच्या पेपरात पायऱ्या कुणी बघत नाही, चार पर्याय दिलेले असतात. म्हणून त्याला म्हटलं, वजाबाकीनं आलेलं उत्तर पर्यायांत सापडलं की लगेच गोल काळा करू नकोस. ११८० च्या गणितात ९६७.६० हा पर्याय पेपर काढणारा घालणारच.