एक कान सतत त्या खोलीत

सांगलीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणं आता नवीन राहिलेलं नाही. गावभागातल्या जुन्या वाड्यात काय आणि विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये काय, आईवडिलांच्या शेजारच्या खोलीत टेबल मांडून लॅपटॉप उघडलेली माणसं घरोघर दिसतात. येणारे-जाणारे म्हणतात, "बरं झालं, घरीच असतेस, आईकडं बघायला होतं." गोम इथंच आहे. घरी असलेला माणूस मोकळाच आहे असं सगळे धरून चालतात, आणि काही महिन्यांनी तो स्वतःही तसंच धरून चालायला लागतो.

कामाच्या ढिगापेक्षा माणूस मोडतो तो दिवसभर एक कान त्या खोलीत ठेवल्यामुळं, असं माझं ठाम मत आहे. खोकला आला का, काठी वाजली का, बाथरूमची कडी निघाली का, हे ऐकत ऐकत काम करायचं. म्हणजे ना काम धड होतं, ना सेवा, आणि संध्याकाळी काहीच केलेलं नसताना अंग गळून जातं. म्हणून पहिली सोय करायची ती या कानाची.

वायरलेस डोअरबेल घ्या. घंटा तुमच्या टेबलावर ठेवा आणि बटण आईच्या गाउनच्या खिशात, नाहीतर मनगटाला पट्टीनं बांधा. बटण भिंतीला चिकटवलं तर पडल्यावर हात पोचत नाही, आणि गळ्यात दोरी अडकवणं धोक्याचं. विसराळूपणा वाढलेला असेल तर बटण दाबायचंच लक्षात राहत नाही. तिथं पलंगाच्या कडेला, पाय खाली टेकतात त्या जागी, हालचाल ओळखणारी सेन्सरची घंटा लावा. दर रविवारी दोन्ही वाजवून बघा, सेल कधी संपतो ते कळत नाही.

घंटेच्या जोडीला ठरलेली फेरी हवी. दर दीड तासानं पाच मिनिटं: पाणी, लघवी, उशी, पंखा. हाक आली म्हणून जाण्यापेक्षा हाक यायच्या आधी गेलात तर हाका कमी होतात, कारण तुम्ही येणार आहात याची खात्री असली की म्हातारं माणूस थांबू शकतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. एअर मॅट्रेस, म्हणजे पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वापरायची पंपाची हवेची गादी, आणली म्हणून ते चुकत नाही. मॅट्रेसच्या पंपाला छोट्या एलईडी दिव्याइतकीच वीज लागते, त्यामुळं तो आणि वायफायचा राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. वीज गेली की गादीतली हवा बसते, आणि तुम्ही मीटिंगमध्ये असाल तर ते तासभर लक्षातही येत नाही.

सगळ्यात अवघड वेळ संध्याकाळची. अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल सात ते नऊमध्ये येतात. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाची घालमेल नेमकी दिवेलागणीला वाढते, आणि इन्सुलिन व जेवणही त्याच वेळेला. बाहेर अंधारायच्या अर्धा तास आधी घरातले सगळे दिवे लावा, सावल्या कमी झाल्या की घाबरणं कमी होतं. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर जाऊ देऊ नका. जेवण साडेसहाला उरकता आलं तर फार बरं.

इन्सुलिनच्या बाबतीत मात्र एक नियम मोडू नका: भाकरी-भाजी तयार असल्याशिवाय सुई टोचायची नाही. काही प्रकारचं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घेतात. तेवढ्यात कॉल आला आणि लांबला, की साखर उतरते. घाम, थरथर, गोंधळलेलं बोलणं दिसलं तर लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर, नीट गिळणारा असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घोळून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन लावा.

मॅनेजरला हे सगळं सांगावं लागतं का? सांगावं, आणि रोज नव्या अडचणीच्या रूपात न सांगता एकदाच, वेळ देऊन. "साडेबारा ते दोन आणि साडेसहा ते सव्वासात मी नाही" एवढं कॅलेंडरवर कायमचं अडवून टाका. नेमकी वेळ दिली तर बहुतेक टीम जुळवून घेतात.

झोपेचं गणित सगळ्यांत महत्त्वाचं. रात्रीत तीनदा उठणारा माणूस दिवसा कितीही शिस्तीत राहिला तरी टिकत नाही. पाणी दिवसाच्या पहिल्या भागात भरपूर द्या, झोपायच्या दोन तास आधी थांबवा. लघवीची गोळी सुरू असेल तर ती सकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. पलंगाला लागून कमोडची खुर्ची, पुरुषांसाठी युरिनलची बाटली आणि मंद दिवा ठेवा. आणि सेवेला पगारी मावशी किंवा मामा ठेवायला पैसे थोडेच असतील तर ते दिवसाच्या अंघोळीवर घालवू नका, आठवड्यातल्या दोन रात्री विकत घ्या. त्या दोन रात्री दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपा.

पाठ जाते ती उचलताना. पलंग आईच्या गुडघ्याइतका उंच हवा. बुटका असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे घट्ट बसवून घ्या. उठवताना खुर्ची तिच्या ताकदीच्या बाजूला, पावलं जमिनीवर सपाट, आणि तिला पुढं वाकायला सांगा, नाक पायाच्या बोटांच्या पुढं येईपर्यंत. मग तिच्या कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरून, तुमचे गुडघे वाकवून उठवा. काखेत हात घालून ओढलं तर तिचा खांदा दुखावतो आणि तुमची कंबर धरते.

पुण्या-मुंबईतला भाऊ फोनवर विचारतो, "काय मदत करू?" त्याला "बघू" असं उत्तर देऊ नका. एक अख्खं काम त्याच्या नावावर करा: औषधं मागवणं, मेडिक्लेमची फाइल, मिरजेतल्या डॉक्टरांच्या तारखा. तुम्ही आठवण करायची आणि त्यानं करायचं, हे वाटून घेणं नव्हे, कारण आठवण ठेवणंच जास्त दमवतं. शिवाय रोज चारला अर्धा तास त्यानं आईशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं. त्या अर्ध्या तासात घंटा त्याची.

आवाज चढायला लागला, स्वतःची बीपीची गोळी विसरायला लागलात, आईची हाक ऐकून आधी राग आणि मग अपराधीपणा यायला लागला, तर तुमचा पल्ला संपत आलाय. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. वृद्धांच्या प्रश्नांसाठी १४५६७ आहे.

आणि सांगलीपुरतं एक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथं इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. गावभाग, सांगलीवाडीसारख्या सखल भागात राहत असाल तर चाळीसची वाट बघू नका. कितव्या फुटाला निघायचं आणि कोणाकडं जायचं, ते मे महिन्यातच ठरवून घरच्यांना सांगून टाका. चालता न येणाऱ्या माणसाला नावेत चढवणं आणि गाडीत बसवणं यात फार फरक आहे. बॅगेत पंधरा दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी, चष्मा, श्रवणयंत्राचे सेल, डायपर, आधार कार्डाची प्रत प्लॅस्टिकमध्ये. इन्सुलिन थर्मासमध्ये, पण बर्फाला थेट लागणार नाही असं फडक्यात गुंडाळून. गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.