तुम्ही विचारलंत म्हणून: मांजर कोंडून का ठेवता?

खिडक्यांच्या जाळ्या बघून घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘एवढं प्रेम आहे तर तिला कोंडून का ठेवलंय?’ वर ‘शिकार हा तिचा स्वभावच’ हेही ऐकवतो. ठाऊक आहे हो. सात वर्षं मनीबरोबर राहतेय.

तुमच्यासारखीच पूर्वी मीही तिला मोकळं सोडण्याची बाजू घ्यायचे. ‘पोटभर खाते, तिला कशाला मारायला लागतंय?’ असं छातीठोकपणे सांगायचे. मांजर भूक नसतानाही झडप घालतं, हे डोळ्यांनी बघूनही. शिवाय गळ्यात घुंगरू होतंच. ते बांधलं की माझी जबाबदारी संपली.

मग एका सकाळी टेबलाखाली फडफड ऐकू आली. मनीच्या तोंडात बुलबुलाचं पिल्लू. शेपटी धड फुटलेली नव्हती. मी ओरडले, तिने सोडलं. रक्त नाही, पंख शाबूत. बुटांच्या खोक्यात मऊ फडकं घालून त्याला ठेवलं, झाकणाला भोकं पाडली आणि मैत्रिणींना फोटो पाठवला: ‘वाचलं!’ त्याचे आईबाप अंधार पडेपर्यंत समोरच्या फांदीवर ओरडत होते. उद्या सोडू, म्हटलं.

सकाळी ते आडवं पडलेलं होतं, पाय आखडलेले. तसंच डॉक्टरांकडे नेलं. खरं तर ‘तुमची चूक नाही’ एवढंच ऐकायला. त्यांनी छातीवरची पिसं फुंकून बाजूला केली. कातडीवर दोन ठिपके, सुई टोचल्यासारखे. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात, म्हणाले. दात एवढासा रुतला तरी पुरतो, आणि अँटिबायोटिक वेळेत मिळालं नाही तर पक्षी एक-दोन दिवसांत जातो. मी ज्याला वाचवणं म्हणत होते, त्यात त्याची औषधाची वेळ निघून गेली. घुंगरू त्याला ऐकूही आलं असेल. उडता कुठे येत होतं?

मग वाचत सुटले. अमेरिकेत मोकाट फिरणारी मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा २०१३ चा एक अंदाज आहे. त्यातले बहुतेक बेवारस मांजरांच्या खात्यावर, हे वाचून हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात पाळीव मांजरांच्या गळ्यात कॅमेरे बांधले, तेव्हा शिकारीतली जेमतेम २३ टक्के घरी येते असं दिसलं. म्हणजे ‘वर्षाला दोन-तीनच’ हा माझा हिशेब दारात आलेल्यांचाच. इंग्लंडमधल्या २०२१ च्या अभ्यासात तर घुंगरामुळे फरकच पडला नाही. गळ्यातल्या रंगीत झालरीच्या पट्ट्याने शिकार होऊन घरी येणारे पक्षी ४२ टक्क्यांनी घटले. बाकीच्या ५८चं काय, म्हणून जाळ्या.

तुमचंही अगदीच चूक नाही. पहिले दोन महिने ती रात्र रात्र दाराशी रडली. आता जाड झालीय. जाळीपलीकडे बुलबुल बसला की तिचा जबडा कटकट वाजायला लागतो. मी दोरी हलवते. ती दोन उड्या मारते आणि परत खिडकीत जाऊन बसते.

त्याच झाडाखाली एक बेवारस बोकाही दबा धरून असतो. त्याला रोज खायला मीच घालते. त्याबद्दल मला अजून कोणी विचारलेलं नाही.