एवढं वजन, आणि शुगर नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला बहुधा पंगतीत येतो, ताटात जिलबी पडताना. विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी कमी, तक्रार जास्त असते.

माझी उंची पाच फूट दोन इंच, वजन ९४ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, ३८च्या आसपास. आपल्याकडे २५पासून पुढे लठ्ठ धरतात. तरी उपाशीपोटीची साखर ८८, बीपी ठीक. धाकटा भाऊ ५८ किलोचा, काडी पैलवान. त्याला अडतिसाव्या वर्षी डायबेटिस निघाला. त्याला मात्र पंगतीत कुणी काही विचारत नाही.

आजोळी धान्याची कणगी होती, त्यावरून मला हे समजलं. कातडीखालची चरबी म्हणजे कणगी. जास्तीचं सगळं तिथं मुकाट पडून राहतं. ती भरली की पोती ओटीवर, मग माजघरात. शरीराचं माजघर म्हणजे यकृत, स्नायू, आतड्यांभोवतीची जागा. तिथं चरबी शिरली की रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनचं काम अडतं. माझी कणगी मोठी, मांड्या-नितंबांत पसरलेली. भावाची जन्मतःच लहान असावी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांच्या ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. वजनकाट्याला हे कुठून दिसणार!

"मग तू सुटलीस," असं वहिनी म्हणाली. नाही हो. अमेरिकेत नव्वद हजारांवर नर्सेसची तीस वर्षं नोंद ठेवली गेली. माझ्यासारख्या 'लठ्ठ पण निरोगी' बायकांपैकी ८४ टक्के वीस वर्षांत निरोगी उरल्या नाहीत. ज्या उरल्या, त्यांनाही हृदयविकाराचा धोका सडपातळ निरोगी बायकांपेक्षा जास्तच होता. आणि गुडघ्यांना रिपोर्ट वाचता येत नाहीत. तिसरा मजला चढताना ते वजनच मोजतात.

तीन वर्षांपूर्वी माझे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ९२ होते, गेल्या महिन्यात १३८. मर्यादेतच आहेत म्हणा. पण आता पंगतीत जिलबी अर्धीच घेते. उरलेली अर्धी भाऊ मागतो. देत नाही.