सरकारी केंद्रातून आलेली मुलं कामाची असतात का?

"भाऊ, तुम्ही आयटीआयची पोरं घेता का? आणि त्या सरकारी रोजगार केंद्रातून कामाचं माणूस खरंच मिळते का?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत शेजारच्या शेडचे मालक विचारतात, बुटीबोरीला नवीन युनिट टाकणारे तरुण विचारतात, आणि काटोल, उमरेड, कुहीकडचे वडील विचारतात, ज्यांचा मुलगा दहावी होऊन पुढे काय करावं या विचारात असतो. आजवर प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगत आलो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

घेतो. माझं मशीनिंगचं वर्कशॉप आहे, थोडं फॅब्रिकेशनही चालतं, आणि मशीनवर उभी असणारी बहुतेक माणसं सरकारी आयटीआयतून आलेली आहेत. जाहिरात देऊन, ठेकेदाराकडून, ओळखीपाळखीतून, अशा सगळ्या वाटांनी माणसं घेऊन पाहिली आहेत. त्यात टिकणारी आणि पुढे सुपरवायझर होणारी माणसं आयटीआयवालीच निघाली.

याचं कारण तिथल्या जुन्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या शिक्षणात आहे. फिटर, म्हणजे आयटीआयच्या कागदावरचा जोडारी, दोन वर्षं शिकतो. सुरुवातीला तो कानस घेऊन लोखंडाचा तुकडा घासत राहतो, काटकोन जुळेपर्यंत. व्हर्निअरवर ०.०२ मिलिमीटर आणि मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटर वाचायला शिकतो. ड्रॉइंग समोर ठेवलं की कोणता व्ह्यू कुठला, हे त्याला विचारावं लागत नाही. सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर कानस लागत नाही हे खरं. पण घासून घासून ज्याला एका दशांश मिलिमीटरची किंमत कळली, त्याला मशीनवर ऑफसेट (टूलच्या मापातली बारीक दुरुस्ती) का द्यायचा हे समजवायला वेळ लागत नाही. नुसतं बटण दाबायला शिकलेला मुलगा टूल झिजलं तरी तसाच पार्ट काढत राहतो.

तरी आमच्या बैठकांमध्ये एक वाक्य नेहमी ऐकू येतं, "आयटीआयच्या पोट्ट्याले काहीच येत नाही." मी अशा वेळी विचारतो की नेमकं काय येत नाही? बहुतेकदा उत्तर निघतं की मालकाच्या शेडमधलं विशिष्ट मशीन येत नाही. माझ्याकडेही वेल्डिंगचं काम बहुतेक सीओटूवर, म्हणजे वायूच्या आवरणात तारेने जोडणाऱ्या मशीनवर चालतं आणि नवीन वेल्डरचा हात साध्या रॉडच्या आर्कवर जास्त बसलेला असतो. त्याला दोन-तीन आठवडे भंगारातल्या प्लेटांवर सराव दिला की तो रुळतो. प्रत्येक कारखान्याचा कंट्रोलर, प्रत्येकाचं फिक्श्चर (पार्ट पकडायची चौकट) आयटीआयने शिकवावं ही अपेक्षा कुठल्याच देशात कुठलीच संस्था पुरी करू शकणार नाही. तेवढं शिकवणं मालकाचं काम आहे.

खऱ्या उणिवा आहेतच. काही संस्थांत मशीन जुनी असतात, काही ठिकाणी शिल्पनिदेशकांच्या, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्यांच्या जागा रिकाम्या राहतात आणि एकच माणूस दोन ट्रेड सांभाळतो, सरावाला माल पुरेसा मिळत नाही. पण मला सगळ्यात जास्त खटकते ती उणीव वेगळीच आहे. पार्ट बिघडला की मुलगा तो लपवतो. बिनमधे खाली सारून देतो. परीक्षेत चुकलेलं दाखवलं तर मार्क जातात, हेच तो शिकून आलेला असतो. कारखान्यात मात्र बिघडलेला पहिला पार्ट लगेच दाखवला तर पुढचे शंभर वाचतात. नवीन मुलांना मी पहिल्याच दिवशी हे सांगतो, आणि जो स्वतःहून बिघडलेला पार्ट आणून दाखवतो त्याला कोणी रागावणार नाही याची काळजी घेतो. आयटीआयच्या निदेशकांशीही मी हाच विषय बोलतो. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तो पटतो, कारण ते स्वतः कधीकाळी कारखान्यात उभे राहिलेले असतात.

आता रोजगार केंद्राबद्दल. जुनी माणसं त्याला अजून "एक्स्चेंज"च म्हणतात, म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना काम लावून देण्यासाठी १९४५ मध्ये या कार्यालयांची सुरुवात झाली, आणि काही वर्षांतच ती सगळ्यांसाठी खुली झाली. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांवर रिक्त जागा कळवायचं बंधन घातलं. कळवायचं बंधन, तिथून माणूस घ्यायचं नाही. आमच्या वडिलांच्या पिढीला हे कार्यालय सरकारी नोकरीचं दार वाटायचं. नाव नोंदवून कार्ड काढायचं, मुदतीत नूतनीकरण करायचं आणि कॉलची वाट बघायची. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरती फक्त एक्स्चेंजने पाठवलेल्या नावांपुरती ठेवू नये, जाहिरातही द्यावी. कार्डाचं वजन तिथून कमी होत गेलं. २०१५ मध्ये केंद्राची नॅशनल करिअर सर्व्हिस आली, राज्याचं महास्वयं पोर्टल आलं, आणि जिल्ह्याच्या कार्यालयाच्या नावात कौशल्य विकास, उद्योजकता आणि मार्गदर्शन हे शब्द आले. १९५९ च्या कायद्याचा विषयही आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे.

पोर्टलवर नोंदणी सोपी आहे. यादीही झटकन मिळते. पण शंभर नावांची यादी हातात आली म्हणून माझी अडचण सुटत नाही, कारण माझी अडचण माणूस मिळण्याची फारशी नसतेच. तो दुसऱ्या महिन्यात का जातो, ही असते.

जाणाऱ्या मुलाला मी बसवून विचारतो, "काहून सोडून राहिला बे?" मशीन जमत नाही असं उत्तर क्वचित येतं. सेकंड शिफ्ट रात्री सुटते तेव्हा गावाकडे जायला गाडी नसते. मेट्रो लोकमान्य नगरपर्यंत आली, त्याने शहरातल्या मुलांची सोय झाली, पण कळमेश्वरकडून येणाऱ्याला तिचा काय उपयोग? मग तो वानाडोंगरी किंवा इसासनीत चौघांत खोली करतो, आणि भाडं, डबा आणि मोबाइल वजा जाता हातात काय उरतं हे त्याला पहिल्या पगाराला कळतं. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडखाली उभं राहणं काय असतं हेही त्याला आधी कोणी सांगितलेलं नसतं. ओव्हरटाइम धरून सांगितलेला पगार हा मूळ पगार नव्हता, हे कळलं की मग तर तो परत येतच नाही. यातली एकही गोष्ट मुलाच्या कौशल्याची नाही. सगळ्या गोष्टी आधी खरं न सांगितल्याच्या आहेत.

म्हणून मालकाच्या बाजूने विचाराल तर या केंद्रांकडून मला एकच काम हवं आहे. मुलाला माझ्या कामाबद्दल आणि मला मुलाबद्दल खरं सांगणारा माणूस तिथे असावा. लग्न जुळवणारा चांगला मध्यस्थ दोन्ही घरी जेवलेला असतो, तसा. एका केंद्रातल्या अधिकारी बाई एकदा वर्कशॉप बघायला आल्या. फार वेळ थांबल्या नाहीत. पण मशीन पाहिली, शिफ्ट विचारली, कॅन्टीन आणि बाईमाणसांसाठीचं स्वच्छतागृह स्वतः जाऊन पाहिलं, बस कुठे थांबते ते वॉचमनला विचारलं. त्यानंतर त्यांनी मोजकीच मुलं पाठवली. त्यात टर्नर, म्हणजे लेथचं काम शिकलेली एक मुलगी होती. ती येतानाच रात्रपाळीबद्दल आणि येण्याजाण्याबद्दल नेमके प्रश्न घेऊन आली होती, कारण बाईंनी तिला जागा जशी आहे तशी सांगितली होती. ती आज माझ्याकडे इन्स्पेक्शन सांभाळते. बाईंची बदली झाली, आणि त्यांनी आमच्याबद्दल जे जाणून घेतलं होतं ते कुठल्याच फाइलमध्ये उतरलं नाही. अशी भेट हे त्या नोकरीचं अधिकृत काम धरलं जावं, प्रवासखर्चासकट, अशी माझी फार इच्छा आहे. रोजगार मेळाव्यात किती जणांची "प्राथमिक निवड" झाली हे मोजलं जातं. सहा महिन्यांनी कितीजण कामावर आहेत, हा आकडा मला तरी कोणी मागितलेला नाही.

मात्र खरं सांगायची सुरुवात मालकापासूनच होते. पोर्टलवरच्या जाहिराती वाचा. "हेल्पर पाहिजेत, पगार योग्यतेनुसार, अनुभवास प्राधान्य." यावरून केंद्रातला माणूस कोणाला काय सांगणार? मी जागा कळवतो तेव्हा मूळ पगार वेगळा लिहितो, ओव्हरटाइम वेगळा, पीएफ-ईएसआय कापून हातात किती येईल तेही. शिफ्टच्या वेळा लिहितो, उभं राहून काम आहे हे लिहितो. अर्ज कमी येतात. येतात ते वाचून आलेले असतात. पाठवलेल्यांपैकी कोणाला घेतलं आणि कोणाला का घेतलं नाही, हेही केंद्राला उलट कळवतो. अधिकाऱ्याला पुढच्या वेळी कोण पाठवायचा हे त्याशिवाय कळणार कसं?

शिकाऊ उमेदवारांच्या, म्हणजे अप्रेंटिसांच्या बाबतीत मला आमच्याच लोकांचा राग येतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं. कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार धरला जात नाही. काही मालकांनी त्याचा अर्थ स्वस्त हमाल असा करून घेतला. वर्षभर त्याच्याकडून माल वाहून घ्यायचा, चिप्स उचलून घ्यायच्या, मशीनला हात लावू द्यायचा नाही, आणि वर्ष संपलं की हेच लोक म्हणणार की मुलांना काही येत नाही. त्या मुलाच्या आयुष्यातलं ते वर्ष परत येत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि मी ते बैठकीतही बोलतो.

२०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना, सगळे सरकारकडून. मुदत आधी सहा महिने होती, पुढे अकरा झाली. ज्या घरात पहिल्यांदा कोणी पगारासारखे पैसे आणले, तिथे या रकमेची किंमत मी पाहिली आहे. पण ज्याच्या खिशातून एक रुपया जात नाही तो मालक त्या मुलाकडे लक्ष देईलच असं नाही. थोडा वाटा मालकाचा हवा होता. आणि जागा देतानाच लिहून घ्यायला हवं होतं की हा मुलगा काय शिकून बाहेर पडेल.

आयटीआयत मालकांना जागा नाही, ही तक्रारही पुरती खरी नाही. २००७-०८ मध्ये देशातल्या १,३९६ सरकारी आयटीआयंसाठी उद्योग भागीदारीची योजना आली. प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापन समितीला अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज आणि समितीचं अध्यक्षपद उद्योगाच्या माणसाकडे. अमेरिकेत २०१४ च्या कायद्याने स्थानिक रोजगार मंडळांवर बहुमतच उद्योजकांचं असतं. आपल्याकडेही खुर्ची ठेवलेली आहे. त्या खुर्चीवर बसून कोणतं मशीन घ्यावं, कोणता ट्रेड वाढवावा हे सांगायला वेळ काढावा लागतो, आणि तो काढणारे उद्योजक नागपुरात थोडे आहेत.

आता वडील मंडळींसाठी. मुलाला आयटीआयत घालायचं असेल तर ट्रेड ठरवण्याआधी त्याला घेऊन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जा. श्रद्धानंदपेठेतली असो की तालुक्याची, सगळीकडे जाऊन बघता येतं. मशीन चालू आहेत का, मुलांच्या हातात काम आहे का ते पाहा. मग निदेशकांना विचारा की गेल्या वर्षी इथली मुलं कोणकोणत्या कारखान्यांत शिकाऊ म्हणून गेली, आणि वर्ष संपल्यावर त्यातल्या कोणत्या कारखान्याने त्यांना ठेवून घेतलं. चांगल्या निदेशकाला हे तोंडपाठ असतं. त्याने ज्या कारखान्यांची नावं घेतली ती लिहून घ्या, कारण दोन वर्षांनी तुमच्या मुलाला तिथेच अर्ज करायचा आहे.