मालगुडी डेज आणि आपला स्वामी

'ताना ना ताना नाना ना' ही धून कुठेही वाजू दे, कुणाच्या तरी मोबाइलवर का असेना, मी हातातलं काम टाकून ऐकत उभी राहते. मालगुडी डेज! एल. वैद्यनाथन यांचं ते संगीत आणि सोबत टायटल्समध्ये येणारी आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं. मोठ्या भावाने म्हणजे आर. के. नारायण यांनी मालगुडी या काल्पनिक गावाच्या गोष्टी लिहिल्या आणि धाकट्याने चित्रं काढली हे मला खूप नंतर कळलं, लहानपणी एवढंच माहीत होतं की ही चित्रं दिसली की आता घरातल्या कुणीही हाक मारली तरी जागचं हलायचं नाही.

1980च्या दशकात दूरदर्शनवर आलेल्या या सिरियलबद्दल लोक साधेपणा, निरागसता, जुने दिवस असं बरंच बोलतात आणि ते खरंच आहे, पण मला ती इतकी जवळची का वाटली याचं कारण वेगळं आहे. लहान मुलाची भीती, लाज, हट्ट, रुसवा हे सगळं या सिरियलने मोठ्या माणसांच्या प्रश्नांइतकंच मनावर घेतलं. 'हॅ, लहान आहे, विसरेल उद्या' असं तिथे कॅमेरा कधी म्हणालाच नाही.

स्वामी, म्हणजे या सिरियलमधला शाळकरी पोरगा, आणि चोराचा एपिसोड आठवतोय ना? वडील पेपरात बातमी वाचतात की एका मुलाने वाघाशी झुंज दिली, आणि मग म्हणतात की ताकदीपेक्षा धैर्य महत्त्वाचं, स्वामीला ते पटत नाही, तो वाद घालतो आणि तिथेच अडकतो, कारण वडील म्हणतात मग दाखव धैर्य, आज रात्री एकटा ऑफिसच्या खोलीत झोप. बास! त्या क्षणापासून पोराच्या पोटात जो गोळा येतो तो बघणाऱ्याच्याही पोटात येतो. तो विषय बदलून बघतो, आजीच्या कुशीत शिरून झोपायचा प्रयत्न करतो, काही म्हणजे काही चालत नाही. आणि मग तो अंधार, प्रत्येक बारीक आवाज, आणि अंधारात काहीतरी हलतंय म्हणून घाबरून त्याने कडकडून घेतलेला चावा. तो पाय निघतो चोराचा आणि स्वामी हिरो होतो! सगळीकडे कौतुक, पण दुसऱ्या रात्री हा हिरो परत आजीजवळच झोपलेला. मला ते इतकं खरं वाटलं होतं. एक दिवस शूर ठरलो म्हणून भीती जाते थोडीच, आणि गोष्टही त्याला जबरदस्ती बदलायला लावत नाही.

स्वामी झालेल्या मास्टर मंजुनाथने काय केलंय ते काम! तो डोळे मोठे करून बघायचा तेव्हा त्याच्या मनात पुढचं खोटं कसं जुळतंय हे आपल्याला आधीच कळायचं. वडील झालेले गिरीश कार्नाड, आई वैशाली कासरवल्ली. कार्नाडांचा तो कडक, पण आतून मुलावर जीव असलेला बाप बघताना मी स्वामीच्या बाजूनेच घाबरायचे, आज बघते तेव्हा बापाचा चेहराही वाचता येतो.

आणि मित्र! मणी, राजम आणि त्यांचा तो क्रिकेट क्लब, मालगुडी क्रिकेट क्लब म्हणजे थेट एमसीसी, इंग्लंडच्या खऱ्या एमसीसीशी, म्हणजे मेरिलबोन क्रिकेट क्लबशी बरोबरी करणारं नाव. त्याच क्लबच्या मॅचपायी पुढे राजम आणि स्वामीमध्ये अबोला येतो आणि शेवटी राजम गाव सोडून निघतो. स्वामीने त्याला द्यायला आणलेलं पुस्तक, सुटणारी गाडी, आणि राजमने माफ केलं की नाही हे धड न कळणं. लहान मुलांच्या गोष्टीत एवढा मोकळा सोडलेला शेवट मी तोवर पाहिलाच नव्हता, कितीतरी दिवस मी मनातल्या मनात त्या दोघांची पुन्हा भेट घडवत होते.

स्वामीशिवायच्या गोष्टींपैकी मला सगळ्यात लागलेली म्हणजे त्या कारकून बापाची. मुलीला आज सिनेमाला नेतो असं कबूल केलंय, ती नवा फ्रॉक घालून, नटूनथटून वाट बघत बसलीय, आणि इकडे साहेब त्याला सोडत नाही. चिडून तो राजीनामा द्यायला निघतो, तर पगारवाढीची बातमी येते, चाळीसचे पंचेचाळीस रुपये, आणि राजीनामा बारगळतो. घरी येतो तेव्हा पोरगी त्याच फ्रॉकमध्ये झोपून गेलेली. यात कुणी वाईट नाही, साहेबसुद्धा राक्षस नाही, तरी त्या मुलीचा सिनेमा गेला तो गेलाच, आणि मला वाटतं बापाला ते तिच्यापेक्षा जास्त कळलंय.

हे सगळं घडवलं दिग्दर्शक शंकर नाग यांनी. कन्नडमधला एवढा मोठा स्टार, पण मुंबईत असताना मराठी रंगभूमीवर काम केलेला माणूस, '22 जून 1897' या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा सहभाग होता, त्यामुळे मला ते थोडे आपलेच वाटतात. मालगुडी नकाशावर कुठेच नाही, तर त्यांनी ते कर्नाटकातल्या आगुंबेत उभं केलं, शिमोगा जिल्ह्यात, घाटातलं धो धो पावसाचं गाव. तिथलं दोड्डमने म्हणजे स्वामीचं घर बघायला लोक आजही जातात, आणि अरसाळू स्टेशनच्या जुन्या इमारतीत आता मालगुडी म्युझियम आहे. मला जायचंय तिथे, अगदी नक्की जायचंय.

1990 मध्ये शंकर नाग अपघातात गेले तेव्हा ते फक्त 35 वर्षांचे होते. पुढे 2006 मध्ये कविता लंकेश यांनी मालगुडीच्या आणखी गोष्टी केल्या. नवीन कुणाला दाखवायची असेल तर मात्र मी जुन्या स्वामीपासूनच सुरुवात करायला सांगते, आणि शक्यतो चोराच्या एपिसोडपासून.