पीसी हॉलमध्ये आणला तर

आज जुळे सोलापूरला ताईकडे भाच्याचा गेमिंग पीसी हॉलमधल्या टीव्हीला जोडला. चित्र झकास दिसलं, पण सुरुवातीलाच विंडोजचा पासवर्ड टाकायला कीबोर्ड शोधावा लागला. प्लेस्टेशनला कंट्रोलरचं एक बटण दाबलं की काम होतं. माझ्या मते पीसी हॉलमध्ये मागे पडतो तो इथे, ताकदीत नाही.

ताकदीत तर तो पुढेच जातो. भाच्याचा मदरबोर्ड एएम४ सॉकेटचा, म्हणजे त्यावर प्रोसेसर बसवायची जागा त्या प्रकारची. २०१७ साली एएमडी कंपनीचे पहिले रायझन प्रोसेसर या सॉकेटवर आले. बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून तेव्हाच्या बऱ्याच बोर्डांवर २०२२ चा रायझन ५८००एक्स३डी सुद्धा बसतो. पीएस५ (प्लेस्टेशन ५) मध्ये एसएसडी, म्हणजे गेम साठवायची जागा, वाढवता येते, ग्राफिक्स चिप मात्र बोर्डालाच जोडलेली. शिवाय तिथे बहुतेक विकतचे गेम ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी भरावी लागते. पोराच्या खिशाला ते जड जातं हो.

स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने २०१५ मध्ये स्टीम मशीन, म्हणजे टीव्हीला जोडायचे गेमिंग पीसी, आणली होती. ती विंडोजऐवजी लिनक्सवर चालायची आणि लिनक्सवर गेमच कमी, म्हणून ती चालली नाहीत. पुढे २०१८ ला वाल्व्हचं प्रोटॉन हे सॉफ्टवेअर आलं, विंडोजचे बरेच गेम लिनक्सवर चालू लागले, आणि २०२२ चा स्टीम डेक हा हातात धरायचा गेमिंग पीसी त्यावरच उभा राहिला. म्हणून पीसी हॉलमध्येही सोपा होईल अशी मला आता खरंच आशा वाटते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं मात्र बघावं लागेल. पंखे जोरात फिरू लागले की आजीला मालिका ऐकू येत नाही.

सोलापुरात कुणी हॉलमध्ये स्टीमओएस किंवा बझाइट (विंडोजऐवजी टाकायच्या, गेमसाठीच्या लिनक्स प्रणाली) वापरत असेल तर सांगा. भाच्याचं ग्राफिक्स कार्ड एएमडीचं आहे.