तातडीच्या नावाखाली

मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यातली एक बातमी आज फार थोड्यांच्या लक्षात असेल. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा हप्ता भागवण्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवण्यात आले होते, आणि त्यावर खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी, म्हणजे आमच्या मराठवाड्यातल्याच छत्रपती संभाजीनगरच्या आमदारांनी, जाहीर नाराजी व्यक्त केली होती. एखादा मंत्री आपल्याच सरकारने आपल्या खात्याचा पैसा नेल्याची तक्रार करतो, हे रोज घडत नाही. त्यावर निदान पंधरा दिवस वाद व्हायला हवा होता. पण ७ मेच्या पहाटे 'ऑपरेशन सिंदूर' झाले, १० मेच्या संध्याकाळी शस्त्रसंधी झाली, आणि मधल्या दिवसांत वसतिगृहांच्या आणि शिष्यवृत्त्यांच्या पैशाबद्दल बोलणे जवळजवळ अप्रशस्त वाटू लागले. त्यानंतर तो विषय फारसा वर आलाच नाही.

हे कोणी ठरवून केले, असे मला म्हणायचे नाही. पहलगाममध्ये २२ एप्रिलला २६ माणसे मारली गेली होती आणि त्याला उत्तर देणे हे कोणत्याही सरकारचे काम होते. माझी शंका वेगळी आहे. युद्ध आणि निवडणूक या दोन प्रसंगी सरकारच्या हातात 'तातडी' नावाचा एक परवाना येतो. प्रसंग संपतो, पण परवाना परत केला जात नाही, आणि त्याची वसुली बहुतेक वेळा कुटुंबाकडून, त्यातही त्या घरातल्या बाईकडून होते. मराठवाड्याच्या गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत याचे दाखले शोधावे लागत नाहीत.

१९७१ चे युद्ध घ्या. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, आणि त्यांच्या खर्चासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा 'रेफ्युजी रिलीफ' तिकीट लावणे सक्तीचे झाले. आमच्या घरातल्या जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात अशी तिकिटे लावलेली पाकिटे अजून आहेत. ३ डिसेंबरला बाह्य आक्रमणाच्या कारणाने आणीबाणी पुकारली गेली, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि लढाई दोन आठवड्यांच्या आत आटोपली. पाच पैशांचे ते तिकीट ३१ मार्च १९७३ नंतर बंद झाले. मात्र युद्धासाठी पुकारलेली आणीबाणी उठली ती थेट २७ मार्च १९७७ रोजी. जून १९७५ ची जी आणीबाणी आपण दरवर्षी आठवतो, ती या पहिल्या आणीबाणीच्या डोक्यावर रचलेला दुसरा मजला होता. खालचा मजला युद्ध संपल्यापासून तसाच उभा होता आणि त्याबद्दल कोणाला फारसे काही वाटत नव्हते.

त्या दोन मजल्यांच्या छायेत कुटुंब नियोजनाचे काय झाले, हे मराठवाड्यातल्या जुन्या शिक्षकांना विचारावे. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९७६ साली त्यांच्यासारख्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना, तलाठ्यांना 'केसेस' आणण्याचे उद्दिष्ट दिलेले होते. केस म्हणजे नसबंदीला तयार झालेला माणूस. उद्दिष्ट पुरे होईना म्हणून वरिष्ठ कार्यालयाने त्यांचा पगार अडवून धरला, आणि शेवटची केस त्यांनी स्वतःचीच दिली. ते ही गोष्ट कधी रागाने सांगत नसत. शाळेतल्या हजेरीपटाची हकिगत सांगावी त्या सुरात सांगत. त्यांच्या मते ज्यांना समजावून शस्त्रक्रियेला नेले, त्यांच्यापैकी निम्म्यांना आपण कशाला होकार देतो आहोत हे पुरते कळलेलेच नव्हते.

देशभरात १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्राने तर एक पाऊल पुढे टाकले. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक १९७६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळेच ते कायदा होऊ शकले नाही. त्या वेळचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण नांदेडचे, म्हणजे आमचेच. त्याच काळात, फेब्रुवारी १९७६ मध्ये, जायकवाडीचे उद्घाटन झाले, आणि गोदावरीचे पाणी मराठवाड्याच्या शेतात आणण्यासाठी त्यांनी घेतलेले कष्ट कोणी नाकारू नयेत. पण एकाच हाताने धरण आणि सक्तीचे विधेयक दोन्ही यावे, आणि आम्ही स्मरणसोहळ्यात पहिल्याचेच तेवढे नाव घ्यावे, हे काही बरोबर नाही.

१९७७ मध्ये केंद्रात सत्तांतर झाल्यावर 'कुटुंब नियोजन' खात्याचे नाव बदलून 'कुटुंब कल्याण' करण्यात आले. पुरुषांवर सक्ती केली तर सरकार पडते, हा धडा राजकारण्यांनी नीट पाठ केला. बायकांवर केली तर पडत नाही, हे त्यांना न सांगताही समजले. पुढची पंचवीस-तीस वर्षे तालुक्याच्या ठिकाणी दुर्बिणीच्या ऑपरेशनची शिबिरे भरत आणि सतरंजीवर ओळीने फक्त बायका निजवलेल्या असत. उद्दिष्ट ठरवून देण्याची पद्धत केंद्राने १९९६ मध्ये कागदोपत्री बंद केली, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही देशातली ३७.९ टक्के जोडपी स्त्रीच्या शस्त्रक्रियेवर अवलंबून होती आणि पुरुषाच्या शस्त्रक्रियेवर ०.३ टक्के. सरकारी आरोग्यसेवा गावातल्या बाईपर्यंत ज्या रस्त्याने पहिल्यांदा पोहोचली, तो रस्ता शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे जाणारा होता. दोन अपत्यांच्या अटीचेही तसेच आहे: १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आमदारकीची किंवा खासदारकीची मात्र खुशाल लढवता येते.

हा जुना हिशेब मी उकरतो आहे, कारण त्याचे व्याज आमच्या बीड जिल्ह्यात अजून फिटते आहे. दिवाळी झाली की केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ऊसतोडीसाठी लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि मुकादमाने, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराने, दिलेली उचल (आगाऊ रक्कम) त्या कोयत्याच्या नावावर. एका दिवसाची गैरहजेरी म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून वळते होतात. पाळीचा त्रास, अंगावरून जाणे, फडावर पाणी नाही, आडोसा नाही, पहाटे तीनला उठून मोळ्या वाहायच्या. अशा बाईला खासगी दवाखान्यात 'पिशवी काढून टाका' हा सल्ला मिळतो, तेव्हा तिला तो उपाय वाटतो, कारण ऑपरेशनने सुटका होते हे तिने तिच्या आईच्या पिढीपासून पाहिलेले असते. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यानंतर अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असा नियम झाला. नियम चांगलाच आहे. पण त्याने शस्त्रक्रिया मोजली जाते, खाडा मोजला जात नाही. फडावर काम करणाऱ्या बाईला पाळीच्या दिवसांत बिनखाड्याची सुट्टी द्यायची असेल तर कारखान्याला आणि मुकादमाला हात घालावा लागतो, आणि कारखाना कोणाचा असतो हे मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

तातडीतून काहीच चांगले निघत नाही, असे मात्र नाही. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा उघडा पडला तेव्हा लोकांनी परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली, कामावर वाटलेली सुकडी खाल्ली आणि खडी फोडली. त्या खडीतून रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. हिच्याकडे मी कमी संशयाने पाहतो, याची कारणे साधी आहेत. एक तर काम मागणारा स्वतः मागत असे, त्याला कोणी 'केस' म्हणून आणत नसे. दुसरे म्हणजे तिच्यासाठी पैसा कोठून येणार हे सरकारने लोकांना तोंडावर सांगितले: १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. त्यातही बोगस हजेरीपट झाले, कंत्राटदार घुसले, पाझर तलाव कागदावरच पाझरले. तरीही ती मागता येत होती, आणि मागता येणारी गोष्ट पुढाऱ्याच्या मर्जीवर पूर्णपणे अवलंबून राहत नाही.

आता सैन्याकडे वळतो. संरक्षणाचा खर्च आणि अंगणवाडीचा खर्च शेजारी शेजारी मांडून हळहळण्याची पद्धत मला पसंत नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी आहेत आणि 'सक्षम अंगणवाडी व पोषण २.०' साठी २१ हजार ९६० कोटी. या तुलनेतून एवढेच कळते की तोफ महाग असते. मला त्या मोठ्या आकड्याच्या पोटातला एक आकडा जास्त बोलका वाटतो: सुमारे १ लाख ६१ हजार कोटींचे संरक्षण निवृत्तिवेतन. कोरडवाहू चार एकर असलेल्या घरातला एक मुलगा फौजेत लागला की त्याच्या पगाराने बहिणीचे लग्न, विहीर आणि भावाचे शिक्षण पार पडते, आणि पुढे त्याच्या पेन्शनवर म्हातारपण निघते. आमच्याकडे सर्वांत भरवशाची कुटुंब कल्याण योजना कोणत्याही कल्याण खात्याची नव्हती, ती सैन्याची होती. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या 'अग्निपथ'ने तीच काढून घेतली. चार वर्षे सेवा, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे ठेवणार, बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये देऊन निरोप. निवृत्तिवेतन नाही आणि उपदानही (ग्रॅच्युइटी) नाही. सैन्य तरुण हवे, हा युक्तिवाद लष्करी जाणकारांनी तपासावा. पण युद्धाच्या दिवसांत ज्या नेत्यांच्या फलकांवर जवानांची छायाचित्रे झळकली, त्यांच्यापैकी कोणी पहाटे बायपासवर धावणाऱ्या पोरांना या हिशेबाबद्दल काही सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

निवडणुकीची तातडी याहून हसतमुख असते. डिसेंबर २०२३ पासून जवळपास पन्नास दिवस राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर होत्या. त्यांना वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन आणि उपदान हवे होते, आणि त्या 'मानसेवी', म्हणजे पगारावर नव्हे तर मानधनावर काम करणाऱ्या, आहेत हे त्यांना पुन्हा एकदा ऐकवले गेले. सहा महिन्यांनी, जुलै २०२४ मध्ये, लाडक्या बहिणींचे अर्ज भरण्यासाठी सरकारला याच सेविका आठवल्या, अर्जामागे ५० रुपये या दराने. पोषण आहार, वजने, लसीकरणाच्या याद्या सांभाळून त्यांनी ते अर्ज भरले. नोव्हेंबरच्या निवडणुकीपूर्वी १,५०० चे २,१०० करण्याचे आश्वासन आले. निवडणूक झाली आणि मग सरकारला छाननी आठवली: सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र ठरण्याजोगे आढळल्याचे २०२५ मध्ये सांगण्यात आले, ई-केवायसी आली आणि तिच्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही आला. पात्रता आधी तपासायची की नंतर, हे मतदानाच्या तारखेवरून ठरलेले दिसते.

हे सगळे मी आमच्या गल्लीतल्या एका बाईंजवळ बोललो. त्या दर हंगामाला तोडीला जातात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सर, तुमचं खरं असंल. पण हे पंधराशे माझ्या नावावर येतेत. मालकाच्या हातात नाहीत, मुकादमाच्या हातात नाहीत. तुमच्या त्या हमीच्या कामावर तरी पैसे माझ्या हातात पडत होते का?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. हजेरीपटावर बाईचे नाव आणि मजुरीवर नवऱ्याचा हक्क, हे रोजगार हमीतही सर्रास चालत असे. म्हणून योजना बंद करा, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. पण ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहे ज्या सामाजिक न्याय विभागाकडे आहेत, त्याच विभागाच्या तिजोरीतून आईचा हप्ता निघणार असेल, तर तो हप्ता तिच्याच वस्तीतल्या लेकरांच्या वाट्यातून दिला जातो आहे, हे तिला कोणीतरी सांगितले पाहिजे. मी सांगितले. त्यावर त्यांचे म्हणणे असे की मग सरकारने दुसरीकडून आणावेत.

दुसरीकडून आणण्याची रीत या राज्याला माहीत आहे. रोजगार हमीसाठी लावलेला तो व्यवसाय कर आजही माझ्या पगारातून कापला जातो, वर्षाला २,५०० रुपये, आणि त्याबद्दल मी कधी कुरकुर केलेली नाही. बहिणीच्या हप्त्यासाठी तसाच कर उघडपणे मागितला तर माझ्यासारख्या पगारदारांपैकी किती जण देतील, हे मला सांगता येणार नाही. पण तो मागायला अजून कोणी पुढे आलेले नाही, आणि कुठल्या ना कुठल्या निवडणुका सतत डोक्यावर असताना कोणी येईल असेही दिसत नाही.